रुसून यायचं घर

रोहण्याच्या शकुबाईला राग आला, ही गावात बातमी होत नाही. राग आला नाही, तर मात्र लोक विचारतात, बाई, तब्येत बरी आहे ना? पुलगाव-आर्वी रस्त्यावरच्या एसटीचे कंडक्टर तिला नावानं ओळखतात. एकदा लेकरू कडेवर घेतलेल्या बाईला बसलेला एक बाप्या जागा देईना, वरून दात काढून हसला. शकुबाईनं घंटीची दोरी धरली ती सोडेचना. ड्रायव्हर मागं वळून ओरडतोय, गाडी रस्त्यात उभी, आणि ही म्हणते, "थो उठन तवाच गाडी हालन." उठला शेवटी. तिचा नवरा नानाजी म्हणजे संत्र्याची थोडी झाडं आणि कापसाचं वावर पाहणारा शांत माणूस. तो म्हणतो, "हिचा राग सोतासाठी कदी नसतेच. दुसऱ्यासाठीच असते, म्हनून थांबवता बी येत नाई."

त्यांना एकच मुलगा, गोपाल, तो पुण्याला नोकरीवर. लेक झाली नाही. त्याचं शकुबाईनं कधी रडगाणं गायलं नाही, पण गावातली कुणाचीही लेक सासरी निघाली की सगळ्यात मोठा गळा हिचा, हे रोहण्यात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तिची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे यशोदाबाई. शकुबाई नवरी होऊन रोहण्यात आली तेव्हा यशोदा शेजारच्या घरातली लग्नाची पोर होती. पुढं तिला देवळीला दिली, दुकानवाल्यांच्या घरी. नवरा गेल्यावर तिनं खेळण्यांचं आणि भेटवस्तूंचं दुकान एकटीनं ओढलं, आदेश आणि प्रेरणा ही दोन लेकरं वाढवली. शकुबाई देवळीला गेली आणि यशोदाबाईकडे न जेवता परतली, असं कधी झालं नव्हतं.

हा आदेश चीनमध्ये गेला. तिकडे यीवू म्हणून मोठी बाजारपेठ आहे. तिथून नागपूरच्या एका व्यापाऱ्यासाठी खेळणी, लायटिंगच्या माळा असलं सामान निवडून पाठवायचं काम त्याला मिळालं. तिथल्याच एका खेळण्यांच्या दुकानात युलान काम करायची. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांशी भाव करता करता ती मोडकीतोडकी हिंदी शिकली होती. जमलं दोघांचं. पुढं आई थकली म्हणून आदेश परत आला तो बायकोला घेऊनच. लग्न तिकडे कागदावर झालेलं होतं. पण यशोदाबाई म्हणाली, "माह्या एकुलत्या एका पोराचं लगन मांडवाबिगर? लोक काय म्हनतीन!" आणि भर वैशाखात देवळीच्या एका लॉनवर मांडव पडला.

मुलीच्या आईबापांना व्हिसा मिळाला नाही. ठीक आहे, नसेल मिळाला. पण आता पुढचं ऐका. बँड ठरला, घोडा ठरला, फोटोवाला नागपूरहून आला, जेवणात दोन प्रकारच्या जिलब्या होत्या, आणि मांडवात महाराजांनी विचारलं, "कन्यादान कोन करते?" तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागले. मुलीला मायबाप लागतात, हे एवढ्या मोठ्या घरात एकाच्याही ध्यानात आलेलं नव्हतं! यशोदाबाईची नजर फिरत फिरत शकुबाईवर थांबली.

"शके, नानाजीले घेऊन पाच मिनिटं बस वं. नावापुरतं हाय."

"यशोदे, मी पोहे खाऊन आली. उपास नाई धरला मी."

"कोन पाहून राह्यलं? बस लवकर, मुहूर्त चालला."

कोण पाहत होतं? प्रेरणानं हातात धरलेल्या मोबाइलमध्ये युलानचे आईबाप पाहत होते. आपल्या घरात, चांगले कपडे घालून, खुर्च्यांवर ताठ बसून. मोबाइलमधल्या ज्या अॅपवरून ते तिकडे बोलतात ते आपल्याकडे बंद, त्यामुळे आदेशनं कायकाय जुगाड करून तो फोन लावून दिला होता. आवाज गेलेला होता, नुसतं चित्र. नानाजीनं हातांवर पाणी सोडलं तेव्हा शकुबाईच्या हातात त्या पोरीचा हात होता, आणि त्या उन्हात तो हात गारठलेला होता. शकुबाईनं मोबाइलकडे पाहिलं. पलीकडची ती बाई खुर्चीवरून उठली, हात जोडले आणि इतकी खाली वाकली की पडद्यावर फक्त तिचे केस दिसत राहिले.

झालं. शकुबाईला साडी मिळाली, नानाजीला टोपी-उपरणं, फोटो निघाला, पाच मिनिटं संपली आणि सगळे विसरून गेले. एक शकुबाई विसरली नाही. त्या दिवशी ती न जेवता रोहण्याला परत आली, आणि तेव्हापासून देवळीला जाताना पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली ठेवायला लागली. नातवाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरी पाणी प्यायचं नाही, हे तिच्या आईनं पाळलं होतं, तिच्या आजीनं पाळलं होतं. तिनंही पाळलं. यशोदाबाईला आधी ही थट्टा वाटली.

"काय वं शके, माह्या घरचं पानी कडू झालं काय?"

"आता थे तुहं घर नाई. माह्या लेकीचं सासर हाय."

यशोदाबाई खो-खो हसली. पण हसू पुढं पुढं आटत गेलं, कारण शकुबाई खरोखरच विहीण होऊन वागायला लागली. युलानला थंड पाणी चालत नाही. ती उठल्यापासून गरम पाणी पिते, तिच्या देशात सगळेच पितात. घरात मात्र उन्हाळाभर फ्रिजमधली बाटली तिच्यापुढं धरायची आणि तिनं नाही म्हटलं की, "आमच्या हातचं नाई चालत का वं?" असं टोचायचं. शकुबाईनं वर्ध्याहून थर्मास आणला आणि स्वयंपाकघरात दणकन ओट्यावर ठेवला. "हे माहेरचं हाय. याले कोनी हात लावजो नोको." शेजारच्या बाया येऊन विचारायच्या, ही साप खाते का, कुत्रं खाते का? शकुबाई म्हणायची, "तुले खाईन म्हनते, पन तू लय जून हाय." बाया चहा न घेता उठायच्या.

आणि शिकवलंही तिनंच. भाजी कशी निवडून घ्यायची, रिक्षावाल्याला कुठं थांब म्हणायचं, एसटीवरची पाटी वाचता आली नाही तर कोणाला विचारायचं आणि कोणाला नाही. तोंडात मराठी घातली तीही आपलीच, म्हणून युलान "मले" आणि "तुले" म्हणायला लागली आणि प्रेरणा कपाळाला हात लावायला लागली. पहिला शब्द शकुबाईनं कोणता शिकवला असेल? "नाई." रस्त्यात उभं करून म्हणायला लावला. "जोरानं म्हन. अजून जोरानं. मान हालवत म्हनू नोको, समोरच्याले हो वाटते."

आखाडीला, आषाढातल्या सणाला, लेकीनं माहेरी यायचं असतं, म्हणून शकुबाईनं हट्टानं तिला एका दिवसापुरती रोहण्याला आणली. देवळीहून पुलगाव, तिथं गाडी बदलून रोहणा. त्या दिवशी युलान संत्र्याच्या झाडांत शिरली ती बाहेरच येईना. तिच्या बापाच्याही मळ्यात संत्री होती म्हणे, वेगळ्या जातीची. फांदी कुठं छाटतात ते ती नानाजीला खुणांनी सांगत होती. नानाजी मान डोलवत म्हणाला, "बरोबर सांगते पोट्टी." संध्याकाळी आदेश न्यायला आला तेव्हा तिनं हात धुतले आणि ती गाडीवर बसली.

मग दिवाळी आली. पहिली दिवाळी. लेकीला न्यायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. शकुबाईनं नानाजीला धुतलेलं धोतर दिलं, शिदोरी दिली आणि देवळीला धाडलं. नानाजी संध्याकाळी परत आला तो एकटा. हातात सोनपापडीचा डबा.

"पोरगी कुठं हाय?"

"आदेश म्हने, दुकानाचा सीझन हाय. मंग पाहू म्हने."

"अन् तुमी डब्बा घेऊन आले?"

"देला त्यायनं हातात. काय करतो मी?"

शकुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुऱ्हाळी परत लावला! दारात आलेला कोणीही पाहुणा असला तरी त्याला असं वाटेला लावत नाहीत, आणि लेकीच्या बापाला मिठाईचा डबा देऊन घरी धाडलं! दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं ती निघाली.

दुकानापुढं पोचली तर गर्दी. आधी तिला वाटलं भांडण झालं, मग वाटलं आग लागली. मग तिनं वर पाहिलं. दुकानाच्या पाटीहून मोठा बॅनर लागला होता आणि त्यावर युलानचा चेहरा. खाली लिहिलं होतं, "देवळीत आली चायनाची सून! दिवाळीची खरेदी करा, सूनबाईसोबत फोटो काढा!" आणि खाली, दुकानाच्या पायरीजवळ, प्लास्टिकच्या खुर्चीवर साक्षात सूनबाई. अंगात लाल चकचकीत झगा, केसांत दोन काड्या खोचलेल्या. ही पोर घरी जीन्स आणि कुडता घालते हो! असला झगा तिनं तिच्या देशात तरी कधी घातला असेल का कोण जाणे. रांग लागली होती. लोक येत होते, शेजारी उभं राहत होते, कोणी बोटांनी आपले डोळे ताणून फोटो काढत होते, कोणी म्हणत होतं, "भाभी, एक कराटे दाखवो ना." प्रेरणा मोबाइल धरून रील करत होती. आदेश गल्ल्यावर होता.

"यशोदे!" शकुबाई ओरडली तशी अर्धी रांग मागं वळली. "हे काय मांडलं तू? सून हाय का जत्रेतला खेळ हाय?"

यशोदाबाई आतून आली. "अवं शके, लोक कौतुकानं येऊन राह्यले. त्यात काय वाईट? तिले बी बरं वाटते. पाय ना, कशी हासून राह्यली."

"थे हासून नाई राह्यली. थे दात दाखवून राह्यली. इतकी वर्षं सोता दुकानात बसली तू, तुले यातला फरक नाई समजत?"

"मावशी, जरा बाजूला व्हा ना, रील सुरू आहे," प्रेरणा म्हणाली.

"तुह्या रीलले लाव काडी!" शकुबाई थेट खुर्चीजवळ गेली. "ऊठ माय. दिवाळीले चाल. न्याले आली मी."

आदेश गल्ल्यावरून उतरून आला. माणूस वाईट नाही तो. पण दुकानात उभा राहिला की त्याला दुकानाशिवाय काही दिसत नाही. "मावशी, सीझन आहे. आता कशी येईल ती? दिवाळी होऊ द्या, मीच आणून सोडतो."

"तुह्या सासऱ्याले सोनपापडी देऊन वापस लावलं तू!"

"माझे सासरे चीनमध्ये आहेत, मावशी," आदेश म्हणाला. हळूच म्हणाला, पण रांगेतल्यांनी ऐकलं आणि दोघं-तिघं हसले.

आणि मग यशोदाबाईनं ते बोलून टाकलं. चार लोकांपुढं पाणउतारा झाल्यावर माणूस बोलतो तसं. "लय झालं शके तुहं. पाच मिनिटं बसोलं होतं तुले, साडी बी देली. तू काय तिची खरी माय हाय? कोन हाय तू?"

एवढी वर्षं ज्या घरी जेवली त्या घराच्या पायरीवर हे ऐकायला मिळालं. शकुबाईनं युलानकडे पाहिलं. ती बोलेल, एक शब्द तरी बोलेल. युलान खाली पाहत होती. रांगेतला कोणीतरी म्हणाला, "भाभी, इधर देखो," आणि युलाननं मान वर करून त्या मोबाइलकडे पाहिलं आणि दात दाखवले.

शकुबाई एकटीच मागं फिरली. घरी आल्यावर तिनं नानाजीवर सगळं ओतलं. यशोदा तशी, आदेश तसा, आणि सगळ्यात जास्त राग युलानवरच. "तोंड नाई का तिले? नाई म्हनाले शिकोलं मी! रस्त्यात उभी करून शिकोलं! अन् थे खुर्चीवर बसून राह्यली मातीच्या बाहुलीवानी!"

नानाजी सुपारी कातरत होता. तो म्हणाला, "शकू, नाई म्हनून थे जाईन कुठं?"

"म्हंजे?"

"तू माह्याशी भांडून कितीक बार मायच्या घरी गेली, आठव. नाई म्हनाले पाठीमांगं घर लागते. तिचं घर इमानात बसून जाव लागते इतकं दूर हाय."

"अन् हे घर काय हाय?"

"तिले सांगतलं का कोनी?"

शकुबाई उठली. तिनं युलानला फोन लावला. पलीकडून दुकानाचा गलका येत होता. तिनं हळूहळू, एकेक शब्द तोडून सांगितलं. "ऐक माय. हे घर तुहं हाय. कोनी न्याले आलं तरच यावं असं नाई. रागावली त येजो. भांडली त येजो. इचारू नोको कोनाले. समजलं?" पलीकडून "हो" आलं आणि फोन बंद झाला. ती तर सगळ्यालाच हो म्हणते. पोरीला काही समजलं नाही, असं शकुबाईनं धरून चाललं आणि चकलीचं पीठ भिजवायला घेतलं. त्या चकल्या इतक्या तिखट झाल्या की नानाजीशिवाय कोणी खाऊ शकलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, दुपारी, फाटकाची कडी वाजली. शकुबाई हात पुसत बाहेर आली तर दारात लाल झगा.

युलान एकटी होती. हातात पिशवी नाही, पायात दुकानातल्या सपाता, केसांतल्या काड्या कुठंतरी फेकलेल्या. त्या झग्यात ती देवळीच्या स्टँडवर उभी राहिली होती, पुलगावला उतरून आर्वीची गाडी तिनं विचारून घेतली होती, आणि सगळ्या गाडीनं तिच्याकडे टकामका पाहिलं होतं. शकुबाईनं काही विचारलं नाही. आधी तिला आपला गाऊन दिला, ज्यात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या, आणि चुलीवर पाणी ठेवलं. पाणी पिऊन झाल्यावर युलाननं स्वतःच सांगितलं. एक माणूस फोटो काढायला आला. त्यानं हात कुठं ठेवला, ते तिनं कमरेवर हात ठेवून दाखवलं.

"मी नाई म्हनली. जोरानं म्हनली. मान नाई हालवली."

"मंग?"

"आदेश म्हनला, गिऱ्हाईक आहे. हास."

"आदेश म्हनला?"

"हो."

शकुबाई उठली, बसली, पुन्हा उठली. त्या माणसाचे हात तोडावे असं तिला वाटलं, पण त्या माणसाचं काय, रस्त्यावर असली कुत्री फिरतातच. ज्यानं समुद्रापलीकडून पोर आणली, तिच्या बापाच्या घरून उचलून आणली, त्यानं म्हणावं, हास? तेवढ्यात त्याचाच फोन आला. आवाज घाबरलेला.

"मावशी, युलान तिकडे आली का? इथं ऐन गर्दीत..."

"आली. जिवंत हाय. आता कान उघडे ठेवून ऐक. तिले न्याचं असन त जावई बनून येजो. दुकानदार बनून येशीन त गावाबाहेरच थांबजो, रोहण्यात पाय ठेवशीन त मी हाय अन् तू हाय." आणि तिनं फोन ठेवला नाही, आपटला.

युलान झोपली ती दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर येईपर्यंत. उठल्यावर शकुबाईनं मायेनं दुधाचा, वेलदोडा घातलेला चहा पुढं केला. युलाननं कपाकडे पाहिलं आणि तो बाजूला सरकवला. सरकवला कसला, ढकललाच, अर्धा बशीत सांडला.

"मले हा चहा नाई आवडत! रोज रोज दूध! रोज रोज साखर!"

"अवं मंग आजवर काऊन पेली?"

"तिथं सगळे पेते!"

"मले सांगाचं ना!"

"तुमी पन रोज देता! इचारत नाई तुमी पन!" बोलता बोलता तिला रडू फुटलं, आणि रडता रडता ती तिच्या भाषेत भराभरा बोलायला लागली. मोठ्यानं. हातवारे करून. शेजारची वर्षाली भिंतीवरून डोकावली. शकुबाईनं तिला हातानंच पिटाळलं आणि समोर मांडी घालून ऐकत बसली. एक शब्द कळत नव्हता. पण लेक आईवर कशी चिडते, ते तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं आणि ती ते जागचं न हलता ऐकत होती.

पाडव्याला आदेश आला. देवळीत लक्ष्मीपूजन सुनेशिवाय झालं होतं आणि ते सगळ्या आळीनं पाहिलं होतं. तो फाटकात उभा राहिला तेव्हा शकुबाईनं पाय धुवायला पाणी आणलं. पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढली. ताटात पुरणपोळी, वडे, कढी, तिखट चकल्यासुद्धा. प्रत्येक पदार्थ असा आदळून वाढला की नानाजी आत जाऊन बसला.

"खाय. जावई हाय तू, जावयाले उपाशी ठेवाची आमची रीत नाई. नाईतर आज तुले पानी बी नसतं देलं."

आदेशनं घास उचलला नाही. "मावशी, चूक झाली माझी."

"मले काऊन सांगतं? माह्या कमरेले हात लावला होता का कोनी?"

युलान संत्र्यांच्या झाडांकडून आली होती आणि त्या ढगळ गाऊनमध्येच दारात उभी होती. आदेश तिच्याशी चिनीत बोलायला लागला, हळू आवाजात, बराच वेळ. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि उत्तर मराठीत दिलं, सगळ्यांना कळावं म्हणून.

"बॅनर?"

"काढला. कालच काढला. फोटोही बंद. आई म्हणते, सूनबाई परत आली की मीच गल्ल्यावर बसते, तिनं दुकानात पाय ठेवला नाही तरी चालेल. आईलाही वाईट वाटतंय मावशी, ती माझ्यासोबत यायला निघाली होती, मीच थांबवलं. चल ना घरी, युलान."

"नाई."

मान हलली नाही. आदेशनं शकुबाईकडे पाहिलं, मग परत बायकोकडे.

"मग केव्हा येशील?"

"राग गेला का येईन."

"पण केव्हा जाईल राग?"

युलान विचारात पडली. खरोखरच विचारात पडली, जसं काही कोणी तिला एखाद्या अनोळखी गाडीची वेळ विचारली होती.

"मले माहीत नाई," ती म्हणाली. "या देशात मी आजवर रागावलीच नाई. पह्यलीच बार हाय. किती दिवस लागते, पाहाव लागन."

 शकुबाईनं आदेशच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली, तीही आदळूनच, आणि तिच्यावर तूप सोडलं.

"ऐकलं ना? जेव आता. अन् वापस जातानी गाडी हळू चालवजो."